मुकं झालेलं स्टिअरिंग : नागपुरातल्या एका विद्यार्थी रेसिंग गाडीचं प्रकरण

गाडी जागेवर उभी होती. पुढची दोन्ही चाकं दोन पोरांनी गुडघ्यांत घट्ट आवळून धरली होती. तरीही मी स्टिअरिंग धरून डावी-उजवीकडे हलवलं, तेव्हा रिमवर लावलेली चिकटपट्टीची खूण २४ मिलिमीटर सरकली. कोनमापकावर ११ अंश. ड्रायव्हरने हात ११ अंश फिरवले तरी टायरला त्याचा पत्ताच नव्हता.

हे प्रकरण नागपुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या विद्यार्थी संघाचं आहे. जानेवारीत कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर होणाऱ्या फॉर्म्युला भारत स्पर्धेसाठी हा संघ एका सीटची, उघड्या चाकांची गाडी बांधतो. मोटरसायकलचं ३७३ सीसीचं इंजिन, स्टीलच्या पाइपांची चौकट, सगळं मिळून वजन २३० किलोच्या आसपास. मी याच कॉलेजातून शिकून बाहेर पडलो. आता हिंगणा एमआयडीसीत जिग-फिक्श्चर डिझाइनचं काम करतो आणि शनिवार-रविवार या पोरांसोबत असतो.

आमची ड्रायव्हर नागपुरातल्या महाल भागातली, तिसऱ्या वर्षाची. नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी कॉलेजच्या मागच्या पार्किंगमध्ये गाडी पहिल्यांदा नीट पळाली. हेल्मेट काढल्या काढल्या ती म्हणाली, "दादा, गाडी ऐकते कशीबशी, पण सांगत काहीच नाही."

खोदून विचारल्यावर त्यातून दोन वेगळ्या तक्रारी निघाल्या. स्लॅलममध्ये, म्हणजे जमिनीवर ठेवलेल्या शंकूंच्या (कोनांच्या) मधून डावं-उजवं करत जाताना, स्टिअरिंग मधोमध पोकळ लागत होतं. हात हलले की क्षणभर काही नाही, मग गाडी एकदम वळते, मग तिला सावरायला उलटा झटका. दुसरी तक्रार स्किडपॅडची. त्यात इंग्रजी आठच्या आकारात दोन वर्तुळं मारायची असतात. आतल्या वर्तुळाचा व्यास १५.२५ मीटर आणि बाहेरच्याचा २१.२५, म्हणजे वाट फक्त ३ मीटरची. तिथे तिचं म्हणणं असं : "पुढची चाकं सुटताहेत हे मला बाहेरचा कोन उडाल्यावर कळतं. हाताला आधी काहीच कळत नाही."

या दोन तक्रारी एकाच दुखण्याच्या आहेत असं आम्ही धरून चाललो. संपूर्ण प्रकरणातली सगळ्यात महागडी चूक हीच. आधी टायरमधली हवा कमी-जास्त करून पाहिली, मग टो, म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलेली आहेत ते, बदलला. दोन दिवस गेले आणि फरक शून्य. तेव्हा कुठे कोनमापक हातात घेतला.

११ अंशांचा हिशेब

स्पर्धेच्या नियमात स्टिअरिंगमधला मोकळा प्ले, म्हणजे चाक न हलता स्टिअरिंग नुसतंच हलतं तेवढी ढिलाई, जास्तीत जास्त ७ अंश चालतो, तोही स्टिअरिंगवरच मोजून. आमचं स्टिअरिंग २५० मिलिमीटर व्यासाचं, म्हणजे रिमवर एक अंश सुमारे २.२ मिलिमीटर. त्यामुळे ७ अंशांची मर्यादा रिमवर १५ मिलिमीटरच्या आसपास येते. आम्ही तिच्या पार पलीकडे होतो. गाडी या अवस्थेत कोइम्बतूरला नेली असती तर तपासणीतच थांबली असती.

पण नियम बाजूला ठेवून टायरच्या बाजूने पाहिलं तर आकडा जास्त बोचतो. आमच्या पिनियनचा (स्टिअरिंगच्या दांड्याच्या, म्हणजे कॉलमच्या टोकाचं दातेरी चाक, जे रॅक ही दातेरी पट्टी सरकवतं) पिच व्यास ३० मिलिमीटर आणि स्टिअरिंग आर्म, म्हणजे चाक वळवणारी तरफ, ६५ मिलिमीटर, म्हणून हाताचे साधारण ४.३ अंश म्हणजे चाकाचा एक अंश. त्या हिशेबाने ११ अंश म्हणजे टायरवर अडीच अंश. रेसिंग टायरची बाजूची पकड ढोबळमानाने ६ ते ८ अंशांच्या स्लिप अँगलला (टायरचं तोंड आणि तो प्रत्यक्ष जातो ती दिशा यांतला कोन) शिगेला पोचते. म्हणजे टायरच्या अख्ख्या कामाच्या पट्ट्यातला तिसरा हिस्सा आमच्या सांध्यांमध्येच जिरत होता.

मग एकेक सांधा पकडीत धरून बाकीचा प्ले मोजत गेलो. संध्याकाळी सात ते रात्री साडेअकरा. डिसेंबरची थंडी सुरू झालेली, वर्कशॉपचं शटर अर्धं खाली, आणि फळ्यावर आकडे उतरत होते. स्टिअरिंग काढता यावं म्हणून बसवलेल्या क्विक रिलीजच्या स्प्लाइनमध्ये, म्हणजे दातेरी जोडात, ३ अंश. जुन्या गाडीच्या स्टिअरिंगमधून काढून लावलेल्या दोन युनिव्हर्सल जॉइंटमध्ये मिळून अडीच. रॅक आणि पिनियनच्या दातांत ३. रॅकचे बुश (आधाराच्या नळ्या) आणि रॉड एंड (दांड्यांच्या टोकाचे फिरते सांधे) मिळून दीड. वरच्या आधाराची ब्रॅकेट लवते तिथे १. बेरीज बरोबर ११.

कुठलाही एक सांधा पाहून कोणी 'हा खराब आहे' म्हणालं नसतं. प्रत्येकाने थोडं थोडं खाल्लं होतं. म्हणूनच स्टिअरिंगचा प्ले जोडणीच्या वेळी डोळ्यांना दिसत नाही.

हाताला काय कळायला हवं

पुढे जाण्याआधी एक गोष्ट सविस्तर सांगतो, कारण संघातल्या निम्म्या पोरांना ती पाठ होती आणि कळलेली कुणालाच नव्हती.

गाडी वळते तेव्हा टायरचा जमिनीला टेकलेला भाग थोडा पिळला जातो आणि टायर स्वतःला पुन्हा सरळ करू पाहतो. तो जोर टाय रॉड (चाक आणि रॅक जोडणारा दांडा), रॅक, पिनियन आणि कॉलममधून ड्रायव्हरच्या तळव्यांपर्यंत येतो. वेग वाढेल, वळण घट्ट होईल, तसं स्टिअरिंग जड होत जातं. पण टायरची पकड शिगेला पोचायच्या थोडं आधीच हा सरळ करणारा जोर उतरू लागतो. पकड अजून आहे, हातावरचा भार मात्र हलका होतोय. तळव्याला हा फरक कळला तर ड्रायव्हर अर्धा सेकंद आधी सावध होतो. तो कळला नाही तर उडालेला कोन बघूनच कळतं.

म्हणजे स्टिअरिंगचं अर्धं काम हुकूम देण्याचं आणि अर्धं ऐकण्याचं. आणि माझ्या मते रेसिंगमध्ये ऐकण्याचं काम मोठं आहे.

स्टिअरिंगचा इतिहासही याच नजरेने वाचावा असं मला वाटतं. सुरुवातीच्या मोटारींना गोल स्टिअरिंग नव्हतंच. नावेच्या सुकाणूसारखा दांडा असायचा आणि खड्डा आला की तो हातातून हिसकला जायचा. १८९४ च्या पॅरिस ते रुआं शर्यतीत आल्फ्रेड वाशेरोंने आपल्या पानार गाडीला गोल स्टिअरिंग बसवलं. मोटार शर्यतीतल्या गोल स्टिअरिंगची ही पहिली नोंद मानली जाते. त्यानंतर कित्येक दशकं हे स्टिअरिंग मोठंच राहिलं. पन्नासच्या दशकातल्या, विश्वविजेत्या फँजिओच्या काळातले फोटो पाहा : लाकडी रिमचं, छातीएवढं स्टिअरिंग. पॉवर स्टिअरिंग नव्हतं, इंजिन पुढे होतं, पुढच्या चाकांवर भार होता. एवढा जोर लावायला लांब तरफच लागायची. इटलीचा नीनो फारिना हात लांब ताणून, स्टिअरिंगपासून दूर बसून गाडी चालवायचा. पुढे स्टर्लिंग मॉसने ती बैठक उचलली. मग इंजिन मागे गेलं. १९६२ च्या लोटस २५ मध्ये ड्रायव्हर जवळजवळ आडवा झाला, कॉकपिट अरुंद झालं, पुढचा भार कमी झाला आणि स्टिअरिंग आक्रसलं. १९६४ साली जॉन सर्टीजने फेरारीतून विश्वविजेतेपद मिळवलं तेव्हा त्याच्या हातात जानपिएरो मोरेत्तीने बनवलेलं, जाड पकडीचं मोमो स्टिअरिंग होतं. रिम जाड असली की बोटं कमी आवळावी लागतात, आणि हात सैल असेल तरच त्याला बारकावे जाणवतात.

हे सगळं पोरांना त्या रात्री फळ्यासमोर सांगितलं, कारण त्यांच्यापैकी दोघांना वाटत होतं की आपण स्टिअरिंग जरा मोठं केलं की प्रश्न मिटेल. तरफ लांब केली तर जोर कमी लागतो, पण सांध्यांतला प्ले अंशांत होता तेवढाच राहतो आणि रिमवर उलट जास्त मिलिमीटर दिसतो.

पहिला उपाय, आणि तो का चुकला

सगळ्यात सोपा हिस्सा रॅकचा वाटला. पिनियनच्या घराखाली शिम (पातळ पत्र्याचा तुकडा) घालून दात जवळ आणले. कॉलमच्या वरच्या नायलॉन बुशमध्येही पातळ पत्रा घालून ढिलाई काढली. दोन तासांचं काम. पुन्हा मोजलं तर साडेसहा अंश. पोरांनी टाळ्या दिल्या. नियमात बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गाडीत बसली, चार फेऱ्या मारल्या आणि खाली उतरली. चेहरा पडलेला. म्हणाली, "आधी निदान मधोमध तरी काही नव्हतं. आता कुठंच काही नाही. वळणातून बाहेर येताना स्टिअरिंग आपणहून परत येत नाही, मलाच ओढून आणावं लागतं."

इथे मला आमची चूक उमगली. स्लॅलमची तक्रार प्लेची होती. पण स्किडपॅडवर गाडी सतत एकाच बाजूला वळलेली असते. टायरच्या जोराने सगळे सांधे एका बाजूला टेकून बसतात आणि प्ले जाणवतच नाही. मग तिथे हाताला काही कळत का नव्हतं? कारण दुखणं दुसरं होतं : घर्षण. टायरकडून येणारा बारीक फरक कॉलमच्या घासण्यातच मरत होता. आणि शिम घालून आम्ही एक दुखणं कमी करताना दुसरं वाढवलं होतं.

घर्षण मोजायला घरातलाच काटा कामी आला, प्रवासाच्या बॅगा तोलायचा, हूकवाला. पुढची बाजू जॅकवर उचलली, चाकं अधांतरी. रिमला दोरी बांधून स्पर्शरेषेत ओढत गेलो आणि स्टिअरिंग फिरत असताना काटा किती दाखवतो ते लिहिलं. शिम घालण्याआधीचा काटा आमच्याकडे नव्हता, म्हणून शिम काढून तोही घेतला. आधी १.१ किलो, शिम घातल्यावर २.१ किलो. रिमची त्रिज्या १२५ मिलिमीटर धरली तर २.१ किलो म्हणजे सुमारे २.६ न्यूटन-मीटर, तेही टायर जमिनीला टेकलेले नसताना. पकड सुटायच्या आधी हातावरचा जो भार हलका व्हायला हवा, तो आमच्या अंदाजाने एवढाच असेल. सगळा निरोप वाटेतच गडप.

आणखी एक गोष्ट काट्यानेच दाखवली. ओढ सगळीकडे सारखी नव्हती. डावीकडे साधारण ४० अंशांवर काटा उसळायचा आणि मग पुन्हा उतरायचा.

काकांची शेड

रविवारी पूर्ण कॉलम आणि रॅक सोडवून हिंगण्याला टर्नर काकांच्या शेडमध्ये नेला. काका साठीचे. त्यांच्या लेथवर कॉलेजच्या तीन-चार तुकड्यांचे जॉब झालेत. त्यांनी रॅक व्हाइसमध्ये बांधला, पिनियनचा शाफ्ट दोन बोटांत धरला आणि डोळे मिटून सावकाश फिरवायला लागले. शेडमध्ये कोणी बोलेना. दोन-तीनदा पुढे-मागे करून ते एका जागी थांबले.

"हे पाय, इथं धरून राह्यलं. आन् इथं सोडून राह्यलं."

मग डायल गेज, म्हणजे बारीक फरक दाखवणारं माप, लावला. पिनियन मँड्रेलवर (भोकातून घालायच्या दांड्यावर) चढवून, दातांच्या खाचेत पिन ठेवून, एकेक दात मोजला. दात स्वतः ठीक होते, पण भोक मध्यावर नव्हतं. ०.१५ मिलिमीटरचा फरक. म्हणजे पिनियन फिरताना एका बाजूने रॅकला दाबत होता आणि दुसऱ्या बाजूने त्याच्यापासून दूर जात होता. अशा पिनियनला शिम घालून जवळ आणलं की उंच बाजूला तो अडकणार आणि खालच्या बाजूला ढिलाच राहणार.

"पोट्टेहो, दाताले काऊन दोष देता?" काका म्हणाले. "भोकच सेंटरले नाही."

दात एका दुकानात कापून घेतले होते आणि भोक आम्हीच नंतर कॉलेजच्या मशीनवर वेगळ्या पकडीत पाडलं होतं. चूक आमचीच. गिअरचं भोक आणि दात एकाच पकडीत, किंवा भोक आधी करून त्याच मँड्रेलवर दात, हा नियम पहिल्या वर्षाच्या वर्कशॉपमध्ये शिकवतात. घाईत तो सुटला.

वरच्या बुशचं दुखणं वेगळं. बुशचं घर चौकटीला वेल्ड केलं तेव्हा तापाने ते किंचित तिरपं ओढलं गेलं. खालचा आणि वरचा बुश एका रेषेत नव्हते, त्यामुळे कॉलम फिरताना एका कडेला घासत होता. नायलॉनवर चंद्रकोरीसारखा चकचकीत पट्टा पडला होता. तो पट्टा पाहिल्यावर काकांनी मापं घ्यायचीही गरज ठेवली नाही. युनिव्हर्सल जॉइंटचे काटे एकमेकांशी जुळलेले आहेत का हेही तपासलं, कारण ते ९० अंशांनी चुकले तर फिरवताना स्टिअरिंग मधेच जड, मधेच हलकं होतं. ते बरोबर निघाले.

पुढच्या आठ दिवसांत कामं अशी झाली. पिनियन नवा, ईएन २४ स्टीलचा, भोक आधी. त्याचं घर भोक मध्यापासून किंचित सरकवलेल्या बुशमध्ये बसवलं, म्हणजे बुश फिरवून दातांमधलं अंतर बारीक जुळवता येतं, शिमची गरज नाही. वर नायलॉनच्या जागी स्वतःहून कोन जुळवून घेणारं गोलाकार बेअरिंग. युनिव्हर्सल जॉइंट नवे, सुई बेअरिंगचे. वरच्या ब्रॅकेटला एक तिरका आधार.

क्विक रिलीजवर सगळ्यात जास्त वाद झाला. स्प्लाइनचा बाहेरचा भाग ठीक होता, हब झिजलेला. शाफ्टचे दात मोजून त्यांना जुळणारा नवा हब वायरकटवर (विजेच्या तारेने धातू कापणाऱ्या मशीनवर) कापून घ्यायचं ठरलं. काकांचं म्हणणं, एकदम टाइट ठेवा, प्लेच राहणार नाही. पण हा सांधा रोज सुटायचा असतो. ड्रायव्हरला पट्टे बांधलेल्या अवस्थेत, हातमोजे घालून तो सोडता आला पाहिजे आणि ५ सेकंदांत गाडीबाहेर पडता आलं पाहिजे. फॉर्म्युला वनमध्येही हीच चिंता आहे. तिथे हॅलो (ड्रायव्हरच्या डोक्याभोवतीची संरक्षक कडी) आल्यावर ड्रायव्हरला स्टिअरिंग काढून ७ सेकंदांत बाहेर पडायचं आणि एकूण १२ सेकंदांत स्टिअरिंग परत जागेवर लावायचं बंधन आहे. शेवटी ०.०३ मिलिमीटरची सैल जागा ठेवली. हब आला तेव्हा ड्रायव्हरने मोजे चढवून कॉलर ओढली, स्टिअरिंग एका झटक्यात हातात. पुन्हा लावलं, टिक असा आवाज. मग धूळ टाकून, थोडं वाळूचं पाणी उडवून तेच वीसदा. विसाव्या वेळी थोडं घासलं, पण निघालं. बाहेर पडायला तिला ४.२ सेकंद लागले.

कॉलम कापायचा नाही

याच दिवसांत एक प्रसंग घडला, तो मुद्दाम नोंदवतो. ड्रायव्हरचे गुडघे वळताना स्टिअरिंगच्या खालच्या कडेला लागत होते. एका मुलाने सुचवलं, कॉलम मधे कापू, आत बारीक पाइप घालून वेल्ड करू, स्टिअरिंग ३० मिलिमीटर वर येईल. रात्रीत होईल.

मी त्याला बाजूला बसवलं आणि १ मे १९९४ ची गोष्ट सांगितली. इटलीत इमोलाच्या ताम्बुरेलो वळणावर फॉर्म्युला वनचा विश्वविजेता आयर्टन सेना सरळ भिंतीवर गेला आणि त्यात त्याचा जीव गेला. त्याला कॉकपिटमध्ये जास्त जागा हवी म्हणून त्याच्या विल्यम्स गाडीचा स्टिअरिंग कॉलम आधी कापून त्यात कमी व्यासाचा तुकडा जोडला होता. अपघातानंतर कॉलम तुटलेला सापडला. तो धडकेआधी तुटला की धडकेत, यावर इटलीच्या न्यायालयांत वर्षानुवर्षं खटला चालला आणि आजही जाणकारांत दुमत आहे. पण वादाबाहेरची गोष्ट एवढी की नळीचा व्यास जिथे अचानक बदलतो तिथे ताण एकवटतो, वेल्डच्या कडेने थकवा धरतो, आणि स्टिअरिंगचा कॉलम ही गाडीतली अशी वस्तू आहे जिला पर्यायच नसतो. ब्रेकची दोन सर्किटं असतात. कॉलम एकच.

तो मुलगा बराच वेळ गप्प बसला. मग आम्ही कॉलम अखंड ठेवून वरचा आधारच १८ मिलिमीटर उचलला, सीटचा फोम पातळ केला, आणि स्टिअरिंगची खालची कड सपाट कापली. नियमाप्रमाणे रिमला सरळ बाजू चालते, पण आत वळलेली बाजू किंवा वरून उघडी रिम चालत नाही. फॉर्म्युला वनच्या गाड्यांत फुलपाखरासारखं उघडं स्टिअरिंग चालतं, कारण तिथे हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग आहे आणि ड्रायव्हरचे हात रिमवरून सहसा सरकतच नाहीत. आमच्याकडे दोन्ही बाजूंना ११० अंश फिरवायचं, तेही हाताच्या जोरावर. पूर्ण वळवलेल्या अवस्थेत हाताला सलग रिम लागतेच.

बटणं

पोरांनी स्टिअरिंगवर सहा बटणं, एक छोटा स्क्रीन आणि मागे गिअरचे दोन पॅडल असा बेत केला होता. पॅडलचं मला मनापासून कौतुक आहे. १९८९ च्या ब्राझील ग्रां प्रीत जॉन बर्नार्डने डिझाइन केलेल्या फेरारी ६४० मधून नायजेल मॅन्सेलने स्टिअरिंगमागच्या पॅडलने गिअर बदलत पहिल्याच शर्यतीत विजय मिळवला. मधे पिटमध्ये त्याचं स्टिअरिंगच बदलावं लागलं होतं, तरीही. पुढच्या काही वर्षांत ड्रायव्हरचा उजवा हात गिअरच्या दांड्याकडे जायचा थांबला. दोन्ही हात सतत रिमवर राहिले, म्हणजे ऐकणारे दोन कान झाले. हा बदल स्टिअरिंगच्या मूळ कामाला पूरक होता.

त्यानंतर मात्र बटणांची रांग वाढत गेली. आजच्या फॉर्म्युला वनच्या स्टिअरिंगवर वीसहून जास्त बटणं आणि फिरकीच्या खुंट्या असतात : ब्रेक पुढे-मागे वाटायला, डिफरन्शिअलला, पिटमधल्या वेगमर्यादेला, रेडिओला, पाणी प्यायला. मागे पॅडल क्लचचेसुद्धा. २०२० साली मर्सिडीजने तर स्टिअरिंग पुढे-मागे सरकवून चाकांचा टो बदलायची सोय केली, जी २०२१ पासून बंद झाली. हे सगळं तिथे शोभतं, कारण तिथे शर्यत सहसा ५० ते ७० फेऱ्यांची असते आणि गाडीचं प्रत्येक वळणासाठी वेगळं जुळवणं असतं. तरीही चूक होते. ६ जून २०२१ ला बाकूमध्ये शर्यत पुन्हा सुरू झाली तेव्हा लुईस हॅमिल्टनचा हात नकळत ब्रेक पुढे सरकवणाऱ्या बटणाला लागला, पुढची चाकं जाम झाली आणि पहिल्याच वळणावर गाडी सरळ निघून गेली. सात वेळचा विश्वविजेता पंधरावा आला.

आमच्या ड्रायव्हरचा अंगठाही सरावात दोनदा न्यूट्रलच्या बटणाला लागला होता. सहापैकी तीन बटणं काढली. न्यूट्रलचं बटण अंगठ्याच्या वाटेतून वर नेलं आणि भोवती उंच कड ठेवली, म्हणजे मुद्दाम बोट घातल्याशिवाय दबणार नाही. स्क्रीन काढून कॉकपिटच्या पाटीवर लावला. त्यामुळे स्टिअरिंगचं वजन ३४० ग्रॅमने उतरलं. जड स्टिअरिंग फिरताना स्वतःच्या वजनाने वाहत जातं आणि बारीक कंप गिळतं, हे ड्रायव्हरने वजन उतरल्यावर आपणहून सांगितलं.

पुन्हा मोजणी

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, पहाटेच्या थंडीत, तोच कोनमापक आणि तोच बॅगेचा काटा. क्विक रिलीज पाव अंश, युनिव्हर्सल जॉइंट पाऊण, रॅक-पिनियन सव्वा, बुश आणि रॉड एंड पाऊण, वरचा आधार अर्धा. एकूण साडेतीन अंश, म्हणजे टायरवर जेमतेम ०.८ अंश. काटा ०.६ किलोवर, आणि डावीकडची ती ४० अंशांवरची उसळी गेलेली.

तिने पार्किंगमध्ये आखलेल्या स्किडपॅडवर अकरा फेऱ्या मारल्या. सातव्या फेरीत मी बाहेरच्या कोनाजवळ उभा होतो. गाडी बाहेर सरकायला लागली, पण कोनाला लागण्याआधीच तिने स्टिअरिंग केसभर सैल केलं, टायरने पुन्हा पकड घेतली आणि गाडी आत आली. माझ्यापर्यंत फक्त टायरचा आवाज बदललेला आला. उतरल्यावर तिने मोजे काढून तळवे दाखवले. "दादा, इथं हलकं झालं, या दोन बोटांच्या खाली. मग कळलं." तर्जनी आणि मधल्या बोटाचं मूळ.

कोइम्बतूरला तपासणीत स्टिअरिंगचा एकही शेरा आला नाही. तपासनीसाने रिम हलवून पाहिली, मान डोलावली आणि पुढे ब्रेककडे गेला. एंड्युरन्समध्ये, म्हणजे स्पर्धेतल्या लांब पल्ल्याच्या फेरीत, ड्रायव्हर बदलताना स्टिअरिंग पहिल्या झटक्यात निघालं आणि दुसऱ्या ड्रायव्हरच्या हाती पहिल्याच दाबात बसलं. त्यापुढे सहाव्या फेरीत चेन निखळली आणि गाडी तिथेच उभी राहिली. ते प्रकरण वेगळं, त्यावर संघाचं काम सुरू आहे.

स्टिअरिंगचं एक भांडण मात्र अजून बाकी आहे. दुसरा ड्रायव्हर उंचीने मोठा, खांद्याने अशक्त, शेवटच्या फेऱ्यांत त्याचे हात भरून येतात. त्याला २७० मिलिमीटरचं स्टिअरिंग हवंय. त्याने हाताचा जोर सात-साडेसात टक्क्यांनी कमी लागेल, पण तिचे गुडघे पुन्हा कडेला लागतील, आणि तिच्या मते तळव्याला येणारा निरोपही तेवढाच फिका होईल. दोघांचं म्हणणं हिशेबाने बरोबर आहे. काकांकडून १२ मिलिमीटरच्या प्लायची २७० ची चकती कापून आणलीय, नव्या हबवर ती बोल्टने बसते. शनिवारी दोघंही ती लावून प्रत्येकी दहा फेऱ्या मारणार आहेत, काट्यासकट.